पोळी सोडण्याआधी

ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतं. दुधाचा रतीब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या मावशींचे खाडे, सगळा हिशेब त्याच्यावर. गेल्या श्रावणात तिथे एक नवं खातं उघडलं. नागपंचमीपासून पुढे प्रत्येक चौकोनात लाल पेनाच्या उभ्या रेघा. कुठे तीन, कुठे चार, एके दिवशी दोनच आणि शेजारी एक रडकं तोंड. एक रेघ म्हणजे एक पोळी. खाणारी माझी भाची, वय सत्तावीस, नोकरी हिंजवडीत. त्याआधीचे आठ महिने, एका लग्नातल्या पुऱ्या सोडल्या तर, तिने गव्हाचा कणही तोंडात घातला नव्हता, आणि त्याच आठ महिन्यांत तिची तब्येत कित्येक वर्षांनी सुधारली होती. आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे रोज पोळी खा, मग रक्त तपासू.

आईला, म्हणजे तिच्या आजीला, हे काही केल्या पटेना. "ज्यानं पोट बिघडतं तेच खा म्हणतो, हा कसला गं डॉक्टर?"

आईचं बालपण सोलापूरकडचं. घरात दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, गहू सणासुदीला किंवा जावई आला तर. तिच्या हिशेबात अन्न बाधलं तर ते सोडायचं, त्याला पथ्य म्हणतात, आणि पथ्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. तिचं चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्ण वाटत नाही. पण या एका आजाराच्या बाबतीत पथ्य आधी आणि तपासणी नंतर हा आपला नेहमीचा क्रम माणसाला अडकवतो. कसा, ते मला भाचीच्या त्या लाल रेघांमुळे कळलं.

भाचीची तक्रार जुनी. कॉलेजपासून हिमोग्लोबिन नऊच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर झालं, लोखंडी कढईतली पालेभाजी झाली. दर महिन्याला तोंड यायचं. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी जागरणं म्हणालं, एका नातेवाईक बाईंनी लग्न हा उपाय सुचवला. शेवटी जिममधल्या ट्रेनरने सांगितलं, "मॅडम, ग्लुटेन सोडून बघा." तिने सोडलं. दोन-तीन आठवड्यांत फुगणं थांबलं, तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वर सरकलं. ज्या पोरीला दुपारी तीन वाजता टेबलावर डोकं टेकावंसं वाटायचं, ती शनिवारी सिंहगड चढायला लागली.

मग कंपनीच्या वार्षिक तपासणीत तिने स्वतःहून पैसे भरून एक जादा चाचणी करून घेतली. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज, तोंडात बसायला अवघड नाव, म्हणून लॅबवाले नुसतं 'टीटीजी' म्हणतात. सिलिअ‍ॅक आजाराची ही पहिली चाचणी. रिपोर्ट आला निगेटिव्ह. फोनवर कुणीतरी सांगितलं, "तुम्हाला सिलिअ‍ॅक नाही, बिनधास्त खा." त्या आठवड्यात एका लग्नात तिने पुऱ्या खाल्ल्या आणि पुढचे तीन दिवस ती अंथरुणात होती. रक्त घेताना, रिपोर्ट देताना, फोनवर बोलताना तिला कुणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता. तो महिनाभराने एका पोटविकारतज्ज्ञांनी विचारला, फाइल उघडायच्याही आधी: "हे रक्त दिलंत तेव्हा तुम्ही गहू खात होतात का?"

खात नव्हती. म्हणजे रिपोर्ट खोटा नव्हता, निरर्थक होता.

का, हे समजून घ्यायचं तर सुरुवात परातीपासून करावी. कणकेचा गोळा नळाच्या धारेखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, ते पिष्ट. हातात उरतो तो चिवट, रबरासारखा ताणला जाणारा राखाडी लगदा, ते ग्लुटेन. पुरणपोळीची पारी फाटत नाही, फुलका फुगतो, पाव जाळीदार होतो, ते याच्या जिवावर. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी हलक्या हाताने थापावी लागते. गव्हाखेरीज जव आणि राय या धान्यांत त्याची भावंडं आहेत. जव म्हणजे आपला सातू, हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण उन्हाळ्यात 'पोटाला थंड' म्हणून सातूचं पीठ आजारी माणसाला हमखास दिलं जातं.

ग्लुटेन कुणालाच पूर्ण पचत नाही. 2002 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्यातला 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा दाखवून दिला, जो जठर, स्वादुपिंड आणि आतडं या तिघांच्याही विकरांना पुरून उरतो. बहुतेकांच्या पोटातून तो निमूटपणे पुढे निघून जातो. मात्र काही जणांच्या पेशींवर डीक्यू2 किंवा डीक्यू8 नावाची वारशाने आलेली खूण असते, आणि त्यांतल्याही थोड्यांच्या आतड्यात हा तुकडा शत्रू ठरतो. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे शरीराचंच एक विकर त्याच्यात किरकोळ फेरफार करतं, त्या फेरफारामुळे तो डीक्यू2च्या खोबणीत घट्ट बसतो, पहारेकरी पेशींना तो दिसतो आणि हाणामारी सुरू होते. या धुमश्चक्रीत शरीर स्वतःच्याच त्या विकराविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला लागतं. भाचीच्या रक्तात शोधत होते ती हीच. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिला रसांकुर म्हणतात. अन्नरस शोषायचं काम तिचं. हाणामारीत ती लव झडते, मखमलीचं सपाट मांजरपाट होतं. मग लोह शोषलं जात नाही, कॅल्शियम जात नाही, आणि पालेभाजी लोखंडी कढईत करा की चांदीच्या, फरक पडत नाही.

आता गहू बंद केला की काय होतं? मारामारी थांबते. प्रतिपिंडांचा पुरवठा आटतो आणि काही महिन्यांत, कुणाला वर्ष-दोन वर्षंही लागतात, त्यांची पातळी सामान्य होते. लव पुन्हा उगवते. माणसाला बरं वाटतं, कारण तो खरोखर बरा होत असतो. पण चाचणी मोजते ती मारामारीत उडालेली धूळ. पोटात सोडलेली दुर्बीण बघते ते झडलेलं अंगण. धूळ बसली, अंगण पुन्हा हिरवं झालं, की बाहेरून आलेल्या माणसाला तिथे काही घडलं होतं हे कळायला जागा उरत नाही. पहारेकऱ्यांच्या डोक्यातून मात्र शत्रूचा चेहरा कधीच जात नाही. म्हणून हा आजार जन्मभराचा.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं वाटतंय ना तिला? मग कागद कशाला हवा?"

हा प्रश्न आधीच्यापेक्षा चांगला होता. त्याचं उत्तर द्यायला जरा मागे जायला हवं.

लंडनचे डॉ. सॅम्युअल गी यांनी 1887 साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या इस्पितळात या आजाराचं वर्णन सांगितलं आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. पोट पुढे आलेली, हातपाय काड्या झालेली, फिकट, चिडकी मुलं. हा आजार बरा होणार असेल तर तो आहारानेच, हे गींनी ओळखलं होतं. कोणत्या आहाराने, ते काही त्यांना सापडलं नाही. त्यांच्या नोंदीतलं एक मूल मला विसरता येत नाही. त्याला रोज हॉलंडचे शिंपले भरपूर खायला दिले आणि ते छान अंग धरायला लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला, मूल पुन्हा ढासळलं. पुढच्या हंगामात त्याने शिंपले खायला साफ नकार दिला. पुढे 1924मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार आणला. मुलं सुधारली आणि श्रेय केळ्यांना गेलं. त्या आहारात पाव नव्हता ही बाब उघड्यावर असून कित्येक वर्षं कुणाला दिसली नाही. काय खाल्ल्याने बरं वाटलं याकडे सगळे बघत होते, काय न खाल्ल्याने, याकडे कुणी नाही.

ते ज्याने पाहिलं तो डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके. जन्म 1905चा. वयाच्या एकतिसाव्या वर्षी हेगच्या जुलियाना बाल-रुग्णालयाची सूत्रं त्यांच्याकडे आली. त्यांची गोष्ट सांगताना बहुतेक लेखक थेट 1944-45च्या हिवाळ्यात जातात. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये तेव्हा उपासमार होती, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खात होते, पाव मिळत नव्हता, आणि सगळं गाव खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र सुधारत होती. मग युद्ध संपलं, पाव आला, मुलं पुन्हा आजारी पडली, आणि डिकेंना साक्षात्कार झाला. गोष्ट म्हणून ही फार देखणी आहे. पण डिकेंचा संशय युद्धाच्या आधीचा. 1930च्या दशकातच ते मुलांना गव्हाशिवाय ठेवून बघत होते आणि 1941मध्ये त्यांनी त्यावर डच भाषेत लिहिलंही होतं. दुष्काळाने त्यांचा संशय पक्का केला, इतकंच.

मला डिकेंची पुढची पायरी जास्त महत्त्वाची वाटते. बरं वाटणं त्यांना पुरेसं नव्हतं. उट्रेख्तला त्यांनी रसायनशास्त्रज्ञ व्हान दे कामर आणि सहकारी वेयर्स यांच्याबरोबर काम केलं. व्हान दे कामर यांनी विष्ठेतली चरबी मोजायची नेमकी पद्धत बसवली होती. मुलांना गव्हाशिवाय ठेवायचं, चरबी मोजायची. मग गहू पुन्हा द्यायचा, आणि पुन्हा मोजायची. राय दिली, मोजली. तांदूळ, मका, बटाट्याचं पिष्ट दिलं, मोजलं. गव्हातून धुऊन काढलेलं नुसतं पिष्ट निरुपद्रवी निघालं आणि हातात राहणारा चिवट लगदा गुन्हेगार ठरला. 1950मध्ये डिकेंचा प्रबंध झाला, 1953पर्यंत तिघांचे निबंध बाहेर आले. म्हणजे हा आजार मुळात सापडला तो घास परत देऊन. भाचीच्या कालनिर्णयावरच्या लाल रेघांचं कूळ डिकेंच्या वॉर्डापर्यंत पोहोचतं.

पुढे 1956मध्ये लंडनच्या मार्गॉट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढून आणायची सोय केली आणि झडलेली लव सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला लागली. 1969मध्ये युरोपातले बालपोटविकारतज्ज्ञ स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला जमले आणि त्यांनी निदानाचा नियम ठरवला, तीन वेळा बायोप्सी. पहिली गहू चालू असताना, दुसरी गहू सोडल्यावर, तिसरी गहू पुन्हा देऊन. लेकराच्या घशात तीनदा नळी! 1990मध्ये तो नियम सैल झाला, गहू चालू असतानाची एकच बायोप्सी बहुतेकांना पुरेशी ठरली. 2012पासून मुलांच्या बाबतीत रक्तातली प्रतिपिंडं मर्यादेच्या दहापट वर असली तर, दुसऱ्या चाचणीची जोड घेऊन, बायोप्सी टाळायची मुभाही मिळाली. एक अट मात्र 1969पासून आजतागायत कुणी काढली नाही. तपासताना माणूस गहू खात असला पाहिजे.

आणि जो आधीच थांबला आहे, त्याने काय करायचं? किती खायचं, किती दिवस? इथे तज्ज्ञांचंही एकमत नाही. जुना रिवाज रोज दहा ग्रॅम ग्लुटेन, सहा ते आठ आठवडे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2015ची सूचना अशी की रोज एकाहून जास्त जेवणांत ग्लुटेन हवं, किमान सहा आठवडे. बॉस्टनच्या डॉक्टरांनी 2013मध्ये एक छोटा पण मोलाचा अभ्यास छापला. सिलिअ‍ॅक असलेल्या, पण गहू सोडलेल्या 20 प्रौढांना चौदा दिवस रोज तीन किंवा साडेसात ग्रॅम ग्लुटेन दिलं. बहुतेकांच्या आतड्यात तेवढ्यात बदल दिसले. गंमत रक्ताची होती. प्रतिपिंडं चौदाव्या दिवशी जेमतेम हललेली, आणि गहू बंद करून दोन आठवडे झाल्यावर, अठ्ठाविसाव्या दिवशी, चांगली चढलेली. आतडं आधी बोलतं, रक्त मागाहून. त्याच वर्षीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना त्यामुळे म्हणाल्या, रोज तीन ग्रॅमने दोन आठवडे करा, सोसवलं तर आठ आठवड्यांपर्यंत न्या.

तीन ग्रॅम म्हणजे किती हे परदेशी पुस्तकांत पावाच्या कापांत लिहिलेलं असतं. भाचीने ते पोळीत आणलं. एका मध्यम पोळीला तीसेक ग्रॅम कणीक. कणकेत साधारण अकरा-बारा टक्के प्रथिन, त्यातलं तीन चतुर्थांश ग्लुटेन धरा. म्हणजे पोळीमागे अडीच-पावणेतीन ग्रॅम. दहा ग्रॅम म्हणजे चार पोळ्या. चार पोळ्या! ताई म्हणाली, एवढ्या तर आपण कुणी आजारी असताना खातो.

आणि तरीही ते सहा आठवडे सोपे गेले नाहीत. सुरुवातीलाच आपल्या पंचांगाने घोळ घातला. नागपंचमीला तवा चढवायचा नाही, त्यामुळे पहिला डोस पोळीचा नव्हताच, पुरणाच्या दिंडांचा होता. कणीक ती कणीक, ताईने तीन दिंडांच्या तीन रेघा मारल्या. श्रावणी सोमवार आला. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, उपासाच्या ताटात ग्लुटेनचा लवलेश नाही. कुण्या सिलिअ‍ॅक रुग्णानेच एकादशीची यादी केली असावी असं वाटावं. पण भाचीला आता ग्लुटेनच हवं होतं, तेही दोन्ही वेळा, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा श्रावणी सोमवार मोडला. आईने देवाला सांगितलं, औषध म्हणून खातेय. चतुर्थीला उकडीचे मोदक. कितीही खा, तांदळाचे, रेघ शून्य. गौरीजेवणाला पुरणपोळ्या, तेव्हा कुठे भरपाई झाली.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "मावशी, मी इतके महिने नाटकं करत होते का गं?" आवाजात भीती होती. त्रास होईल याची नव्हे, होणार नाही याची. सहाव्या दिवशी पोट फुगलं आणि ती, सांगताना लाज वाटल्यासारखी, खूश झाली. दहाव्या दिवशी ती खुशी ओसरली होती. तिसऱ्या आठवड्यात जुलाब, तोंड आलेलं, दुपारी तीनला पुन्हा डोकं टेबलावर. सुट्टीच्या अर्जात कारण काय लिहू, असं तिने विचारलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोळी खातेय म्हणून आजारी आहे, हे कुठल्या एचआरला समजणार होतं? डॉक्टरांनी वाट मोकळी ठेवली होती. दोन आठवड्यांनंतर कधीही असह्य झालं तर कळवा, तेव्हाच तपासू. तिने ताणलं. हा प्रकार डॉक्टरांशिवाय घरच्या घरी कुणी करू नये, तो या त्रासामुळेच. लहान मुलांत, वाढीच्या वयात, गरोदरपणी डॉक्टर तो शक्यतो टाळतात किंवा फार जपून करतात, आणि काहींना पहिल्याच घासांनंतर इतके उलटी-जुलाब होतात की दवाखाना गाठावा लागतो.

एक पळवाट तिने आधी चाचपली होती. डीक्यू2-डीक्यू8ची जनुकीय चाचणी. तिला गहू लागत नाही, कारण जनुकं आपण काय जेवतो ते बघत नाहीत. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास बाद, सहा आठवड्यांचा जाच वाचतो. असली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण तिसरा हिस्सा लोकांत ती असतातच आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. भाचीत डीक्यू2 निघालं. पळवाट बंद.

या तिसऱ्या हिश्शाची आपल्या देशातली गोष्ट मोठी आहे. उत्तर भारतातल्या मुलांमधला सिलिअ‍ॅक 1966मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदला गेला होता, तरी हा गोऱ्यांचा आजार ही समजूत दीर्घकाळ टिकली. दिल्लीच्या एम्समधले गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी 2011मध्ये दिल्ली परिसरात मोजलं, तर शंभरात एक. म्हणजे युरोपाइतकाच. 2016च्या मोठ्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातले 23 हजारांवर प्रौढ तपासले. डीक्यू2-डीक्यू8 वाहणारे लोक तिन्हीकडे साधारण सारखेच, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. आजार मात्र उत्तरेत हजारी साडेआठ, दक्षिणेत हजारी एकाच्याही खूप खाली. फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज 455 ग्रॅम गहू, दक्षिणेत 25.

महाराष्ट्र या दोन ताटांच्या मधे बसला आहे. आईच्या पिढीची भाकरी, ताईच्या पिढीची रेशनच्या गव्हाची पोळी, भाचीच्या पिढीचा पोळीवर पास्ता. 1972च्या दुष्काळात अमेरिकेचा लाल मिलो खाल्लेली आई आज डब्यात गव्हाखेरीज काही ठेवत नाही, कारण ज्वारी महाग पडते. आपल्या घराण्यांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या झोपलेलं असेल आणि भाकरीने त्याला झोपू दिलं असेल, हा माझा नुसता तर्क आहे. पण 'तो पंजाबकडच्या पोरांचा आजार' हे वाक्य मी पुण्यात इतक्यांदा ऐकलं आहे की तर्क करायचा मोह आवरत नाही.

आता आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. कागद कशाला हवा?

कारण गहू सोडून बरं वाटणाऱ्या सगळ्यांना सिलिअ‍ॅक नसतो. काहींना गव्हाची अ‍ॅलर्जी असते, तिची तपासणी निराळी. पुष्कळांचं भांडण ग्लुटेनशी नसतंच. गव्हात फ्रुक्टान नावाची साखळीदार शर्करा असते, कांद्या-लसणातही असते, ती काहींच्या पोटात आंबते आणि फुगवते. नॉर्वेत 2018मध्ये स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या, सिलिअ‍ॅक नसलेल्या 59 जणांना तीन प्रकारच्या खाऊच्या वड्या दिल्या. कुठल्या वडीत काय, हे त्यांना माहीत नव्हतं. जास्त त्रास फ्रुक्टानच्या वडीने झाला, ग्लुटेनच्या नाही. अशा माणसाने होळीला एक पुरणपोळी खाल्ली तर रात्रभर पोट वाजेल, बस. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाला ती मुभा नाही. त्याला त्रास जाणवो न जाणवो, आतली लव झडत राहते. हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी राहतं, मूल राहायला अडचण येऊ शकते, आणि क्वचित आतड्याचा कर्करोगही.

आणि मग पोळी सोडणं ही नुसती सुरुवात ठरते. आपल्याकडे 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, इतकी ती रेघ बारीक. डबीतला बांधानी हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत कालवलेला, म्हणजे वरणाची फोडणीसुद्धा संशयित. थालीपिठाच्या भाजणीत कित्येक घरांत मूठभर गहू असतो. भाकरी ज्या गिरणीत दळली तिथे आधी कुणाचे गहू पडले होते? दिवाळीच्या फराळात चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू चालतील, पण शंकरपाळ्यांच्या कढईतल्या तेलात तळलेली चकली चालणार नाही. सध्या सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू 'ग्लुटेनवाल्यांनाही चालतो' असं सांगून चढ्या भावाने विकला जातो. खपली पचायला हलका असेल, चवीला उत्तमच आहे, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. जन्मभर इतकं जपायचं तर माणसाला नक्की माहीत असायला हवं. अंदाजावर पाळलेलं पथ्य पहिल्या परदेशवारीत नाहीतर सासरच्या पहिल्या सणाला मोडतं.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतल्या संशोधकांनी 2025मध्ये एका नव्या चाचणीचे निष्कर्ष छापले. माणसाला घास न देता त्याच्या रक्ताच्या नमुन्यात ग्लुटेनचे तुकडे मिसळायचे आणि पहारेकरी पेशी ओरडतात का, म्हणजे इंटरल्युकिन-2 नावाचा संदेश सोडतात का, ते मोजायचं. डिकेंनी मुलांना परत दिलेला घास आता परीक्षानळीत. गहू सोडून वर्षं झालेल्यांनाही ती उपयोगी पडेल अशी आशा आहे. नेहमीच्या लॅबच्या दरपत्रकात ती यायला वेळ आहे. तोवर पोळीच.

पितृपक्षात बेचाळीस दिवस भरले. असल्या दिवसांत तपासण्या नकोत, असं आईने सुचवून पाहिलं. ताई म्हणाली, दुर्बीण गिळणं हे शुभकार्य आहे असं कुणी म्हटलं? रक्त गेलं. सोबत एकूण आयजीएही मोजायला सांगितलं होतं, कारण काहींच्या शरीरात हा प्रतिपिंडांचा प्रकारच कमी बनतो आणि मग टीटीजी फसवं निगेटिव्ह येतं. चार दिवसांनी दुर्बीण. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून पाच-सहा तुकडे घेतले, कारण लव एकसारखी झडत नाही, एखादा हिरवा तुकडा हाती लागला तर पुन्हा फसगत.

टीटीजी मर्यादेच्या सातपट. बायोप्सीवर मार्श तीन, म्हणजे लव झडलेली.

भाची रडली. मग हसली. मग तिने जुना निगेटिव्ह रिपोर्ट आणि नवा पॉझिटिव्ह रिपोर्ट शेजारी ठेवून फोटो काढला. रक्त एकाच मुलीचं, मधे पोळ्यांचे बेचाळीस दिवस आणि दीडशेच्या आसपास रेघा.

ताई त्याच संध्याकाळी स्वयंपाकघर आवरायला उठली. कणकेचा डबा, रवा, मैदा, शेवयांचं पाकीट, हिंगाची डबी, सगळं ओट्यावर काढलं. पोरगी खाणार नाही तर या घरात गहू येणार नाही, असं तिने जाहीर केलं. आईनेही मान डोलावली, भाकरीला कुठे ना होती तिची. भाची दारात उभी होती.

"आई, थांब. सोडू नकोस अजून."

जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो, कधी एकाही तक्रारीशिवाय. आई-वडील, भावंडं, सगळ्यांची तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली होती. ताईची हाडं गेल्या वर्षीच्या तपासणीत ठिसूळ निघाली होती, आणि ते वयाने असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

लॅबमध्ये सोमवारची वेळ मिळाली. ताईने कणकेचा डबा पुन्हा फळीवर ठेवला आणि रात्रीच्या पोळ्यांसाठी दोन वाट्या पीठ परातीत घेतलं. भाचीसाठी आईने शेजारच्या शेगडीवर वेगळा, नवा तवा चढवला.